बालवाडीचेही सभासद होऊ या



उसाच्या लागणीत नांग्या किती पडल्या हे आपण महिना-दीड महिन्याच्या आत बघतो. बघितल्याबरोबर रोपे आणून नांग्या भरून घेतो. मोठ्या बांधणीच्या वेळी कोणी नांग्या भरायला निघाला, तर बांधावर बसलेला म्हातारासुद्धा त्याला हसेल. उशिरा लावलेले रोप शेजारच्या उसाच्या सावलीत दबून जाते आणि वर आलेच तरी काट्यावर त्याचे वजन भरत नाही. हे आपल्यापैकी कोणाला शिकवायला नको. परंतु घरातले पोर तीन वर्षांचे झाले की आपण म्हणतो, "लहान हाये अजून, शाळेत घातल्यावर बघू." शाळेत घातल्यावर बघू म्हणजे मोठ्या बांधणीला नांग्या भरू, असेच नाही का हे?

सहा वर्षांच्या आत मुलाच्या मेंदूची पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वाढ होऊन जाते, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नमूद केले आहे. त्या धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पाया मानला. परंतु शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा सहा वर्षांपासून पुढच्या मुलांना लागू होतो. म्हणजे ज्या तीन वर्षांत नांग्या भरायच्या, त्या वर्षांसाठी मुलाला शाळेचा कायदेशीर हक्क नाही. ती वर्षे आईबापांच्या शहाणपणावर सोडलेली आहेत.

'कारखान्याच्या पत्रिकेत बालवाडी कशाला?' असे काही सभासदांना वाटेल. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, बालवाडी ही सरकारने फुकट द्यायची किंवा तालुक्याच्या गावाहून विकत आणायची वस्तू नव्हे. ती आईबापांनी मिळून चालवायची संस्था आहे. आणि मिळून संस्था कशी चालवावी हे सांगायचा अधिकार या जिल्ह्यातल्या ऊस उत्पादकाला नाही, तर कोणाला आहे?

आजची स्थिती

आज आपल्या गावांत काय दिसते? सकाळी आठच्या सुमाराला पिवळी गाडी येते आणि ज्यांची ऐपत आहे त्यांची तीन-साडेतीन वर्षांची मुले टाय बांधून तालुक्याच्या गावाला जातात. आठ-दहा मैलांचा रस्ता, गाडीत मुले दाटीने बसवलेली, आणि पोहोचल्यावर बाकावर बसून लिहायचे. ज्याच्या बोटांना अजून पेन्सिल नीट धरता येत नाही, त्याला गृहपाठ! दुपारी पोर घरी येते ते पेंगतच.

उरलेली मुले गावच्या अंगणवाडीत. तिथे सेविका आहे, मदतनीस आहे, खाऊ मिळतो, वजन होते, लसीकरण होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी प्रायोगिक म्हणून सुरू झालेली ही योजना आज खेडोपाडी पोहोचली आहे आणि तिचे उपकार लहान नाहीत. परंतु सेविकेच्या माथ्यावर नोंदवह्या, सर्वेक्षणे, वजने, मोबाईलवरची माहिती, गरोदर बायांच्या भेटी यांचे एवढे ओझे आहे की मुलांना गोष्ट सांगायची ती कधी? आणि आपण काय करतो? "तिथं नुसती खिचडी असती," असे म्हणून पारावर बसून नावे ठेवतो. जिथे खिचडीच्या पलीकडे काही होत नाही, तिथे ते का होत नाही, हे पाहायला आपल्यापैकी किती जण अंगणवाडीच्या दारात गेले, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

याचा परिणाम असा की एकाच गावची, एकाच शिवारातली मुले तिसऱ्या वर्षीच दोन वाटांनी फुटतात. त्यांचे आजे एका पंगतीला बसले, एका चारीचे पाणी घेत राहिले, एका कारखान्याचे सभासद झाले. नातवंडे मात्र एकमेकांना ओळखत नाहीत. उद्या हीच मुले सोसायटीत, कारखान्यात, ग्रामपंचायतीत एकत्र बसणार आहेत. ज्यांनी कधी एका घमेल्यातली माती मिळून कालवली नाही, ते एकमेकांवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवणार? सहकाराचे भांडवल भागाच्या रकमेत असते तितकेच ते एकमेकांवरच्या विश्वासातही असते, आणि हा विश्वास लहानपणी रुजतो.

'हे आपल्याला जमायचे नाही'

"पण बालवाडी म्हणजे शिकलेल्या बाईचं काम. आपण अडाणी माणसं, आपल्याला काय कळतं त्यातलं?" हा पहिला आक्षेप. आक्षेप ऐकून आम्हाला जुनी गोष्ट आठवते. शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढायचा म्हटल्यावर शहाणी माणसे हेच बोलत होती. यंत्रे काय, रसायन काय, हिशेब काय, हे धोतरवाल्यांना झेपणार कसे? पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, एकेक भाग गोळा केला, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पहिला अध्यक्ष म्हणून पाठीशी उभा राहिला, आणि ३१ डिसेंबर १९५० ला लोणीला प्रवरेच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. शेतकऱ्यांनी तज्ज्ञ नोकरीला ठेवले आणि मालकी आपल्याकडे ठेवली. बालवाडीतही तेच करायचे आहे. शिकवायला जाणती सेविका हवीच. तिच्या पाठीशी आईबापांचे मंडळ हवे, एवढेच आम्ही म्हणतो.

आणि अडाणीपणाचे म्हणाल, तर या महाराष्ट्रातली खेड्यातली बालवाडी खेडुतांच्या अंगणातच वाढली. ताराबाई मोडक मुंबईतले काम सोडून १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्याच साली त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग, ती खेड्याला परवडणार नाहीत, हे ताराबाईंनी ओळखले. मग शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, बांबू, माती हीच त्यांची साधने झाली. वस्तीवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीवर गेली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांना न्हाऊ-माखू घालायचे, केस विंचरायचे, गाणी-गोष्टी करायच्या. या अंगणातल्या बालवाडीचे नाव अंगणवाडी. आज देशभर सरकारी पाटीवर जो शब्द दिसतो, तो त्या अंगणातून आलेला आहे. पाटी राहिली आणि अंगण सुटले, हे मात्र आपल्याला कबूल केले पाहिजे. अंगण म्हणजे आईबापांची जागा.

बोर्डीहून काम १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे ताराबाई-अनुताईंना आणखी एक गोष्ट दिसली. शाळेच्या वयाच्या मुली शाळेत येत नाहीत, कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन त्यांना घर राखावे लागते. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केली आणि तिला विकासवाडी म्हटले. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. जी मुले गुरांमागे रानात जात त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात गेले, ती कुरणशाळा. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली. गरज बघून शाळेचा आकार बदलायचा, ही त्यांची शिकवण आम्हाला पुढे ऊसतोडीच्या संदर्भात पुन्हा लागणार आहे.

आपल्याच जिल्ह्यातला दाखला

बोर्डी-कोसबाड लांब वाटत असेल, तर आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडकडे बघा. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही मोठे डॉक्टर. दवाखाना बांधून गोळ्या देत बसले असते, तरी लोकांनी दुवाच दिला असता. परंतु त्यांनी आधी गावकऱ्यांना विचारले. गावोगाव शेतकरी मंडळे उभी राहिली, महिला मंडळे उभी राहिली. गावच्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, आणि त्यांत दलित समाजाच्या बायका पुष्कळ होत्या. पाच वर्षांखालच्या मुलांना सकस आहार देण्यासाठी गावचे स्वयंपाकघर चालायचे. सरपण गावाने आणायचे, रांधायचे गावाने, वाढायचे गावाने. मुलांच्या आहाराचे धान्य पिकवायला काही शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा दिला.

फळ काय मिळाले? प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ साली हा आकडा ५२ वर आला. पाच वर्षांत एवढा फरक! औषधे डॉक्टरांनी दिली हे खरे, पण ती घरोघर पोहोचवली आणि मुलांचे पोट भरले ते गावाने. ज्या जामखेडचा माणूस पोटासाठी कोयता घेऊन परमुलखात जातो, त्या दुष्काळी मातीत हे घडले. मग बारमाही पाण्याच्या आपल्या गावांना काय कमी आहे?

सहकाराची गोडी लागलेल्या मुलखात बालवाडी आपोआप लोकांच्या हाती येते, याला परदेशातही दाखले आहेत. इटलीतला एमिलिया-रोमान्या हा प्रांत आपल्या जिल्ह्यासारखाच सहकारी संस्थांचा प्रांत आहे. दुसरे महायुद्ध १९४५ च्या वसंतात तिथे संपले, तेव्हा रेज्जो एमिलिया शहराजवळच्या व्हिला चेल्ला या छोट्या गावात जर्मन फौजेने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि थोडे घोडे पडून होते. गावकऱ्यांनी ते विकले आणि आलेल्या पैशातून मुलांची शाळा बांधायला घेतली. जमीन एका शेतकऱ्याने दिली, विटा पडक्या घरांच्या आणल्या, वाळू नदीची, मजुरी आपापली. लोरिस मालागुझी नावाचा तरुण शिक्षक ही बातमी ऐकून सायकलवरून तिथे पोहोचला, तो त्या कामातच राहिला. आज जगभरचे शिक्षक रेज्जो एमिलियाच्या बालशाळा बघायला जातात. न्यूझीलंडमध्ये १९४१ साली, नवरे लढाईवर गेलेले असताना, वेलिंग्टनच्या आयांनी मिळून बालकेंद्र काढले. ती चळवळ आजही आईबापच चालवतात. युद्धात पोळलेली गावे रणगाडा विकून शाळा बांधतात. आपल्याला विकायला रणगाडा नाही, परंतु आपल्यावर युद्धही आलेले नाही.

ती चालेल कशी?

आता कामाचे बोलू. गावात अंगणवाडी आहे, तिचीच बालवाडी करायची. वेगळी इमारत नको, वेगळा बोर्ड नको. गावच्या अंगणवाडीवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद सरकारनेच करून ठेवली आहे. तिच्यात जीव ओतणे आपले काम.

समजा, बालवाडीत २४ घरांची मुले आहेत आणि महिन्यात २४ दिवस बालवाडी भरते. प्रत्येक घराने महिन्यात एक दिवस द्यायचा. पाटाच्या पाण्याची पाळी जशी लागते, तशी ही पाळी. पाण्याची पाळी चुकवून चालत नाही, रात्री दोन वाजता नंबर आला तरी बॅटरी घेऊन आपण बांधावर हजर असतो. मग लेकराच्या पाळीला महिन्यातला एक सकाळचा वेळ जड का व्हावा?

एक गोष्ट मात्र आम्ही ठासून सांगतो. पाळी घराच्या नावावर लावायची, आईच्या नावावर नव्हे. नाहीतर नेहमीप्रमाणे व्हायचे. ठराव मांडायला बापे आणि राबायला बाया! बापाने जावे, चुलत्याने जावे, आजोबांनी जावे. ज्या आजोबांना पारावर दिवस सरत नाही, त्यांच्याइतका चांगला गोष्ट सांगणारा कुठे मिळणार?

पाळीवर आलेल्या माणसाने करायचे काय? सेविकेचा हात हलका करायचा. मुले आली की हातपाय धुवून घ्यायचे, नखे बघायची. मग मुलांना खेळू द्यायचे. चिंचोके, सीताफळाच्या बिया, बाभळीच्या शेंगा हे सगळे घमेल्यात एकत्र करून द्यावे आणि मुलांना वेगळे करायला सांगावे. निवडण्यात बोटे तयार होतात, मोजदाद येते, रंग-आकार कळतात. पाटी-पेन्सिलीच्या आधीचा हा अभ्यास आहे. मापटे, चिपटे, शेर घेऊन धान्य मोजू द्यावे. ओल्या मातीचे बैल करू द्यावेत, पोळ्याला त्यांचीच मिरवणूक काढावी. पावसाळ्यात टोपलीत मेथी पेरावी, उगवली की प्रत्येकाने रोज पाणी घालावे आणि शेवटी तीच भाजी खिचडीत पडावी. सुताराच्या घरची पाळी आली की त्याने चार ठोकळे करून आणावेत. शिंप्याने चिंध्यांच्या बाहुल्या द्याव्यात. ज्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात तिने मुलांना झोके देत त्या म्हणाव्यात. ज्याला काहीच येत नाही असे वाटते, त्याने चिवडा-चुरमुऱ्याची पंगत वाढावी आणि मुलांबरोबर मांडी घालून खावे. एवढे तर सगळ्यांना येते!

महिन्यातून एका संध्याकाळी सर्व पालकांनी बसावे. जमाखर्च वाचावा. कोणते मूल अजून बोलत नाही, कोणाचे वजन घटले, कोण मारकुटेपणा करते, हे सेविकेने सांगावे आणि त्यावर मिळून बोलावे. आपल्या पोराचा दोष चारचौघांत ऐकून घेणे सोपे नाही. परंतु वार्षिक सर्वसाधारण सभेत संचालकांना प्रश्न विचारणारे आपण, आपल्याबद्दलचा एखादा प्रश्न ऐकून घ्यायलाही शिकू. लोकशाही अशीच येते. मूल बालवाडीत जाते आणि शिकतो बाप, असा अनुभव येईल.

कोप्यांवरची मुले कोणाची?

इथवर वाचून सभासद म्हणतील, ठीक आहे, आपल्या मुलांचे करू. परंतु आमचे म्हणणे इथे संपत नाही. खरी कसोटी पुढे आहे.

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून, आपल्याच पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून तोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाच्या वहीत कोयते मोजले जातात, कारखान्याच्या वहीत टनेज मोजले जाते, पोर मात्र कुठल्याच वहीत नसते. पहाटे अंधारात आई-बाप फडात जातात. तान्हे पाचटावर निजवलेले असते, तीन-चार वर्षांचे कोपीपाशी किंवा गाडीवाटेवर हिंडत असते. आणि त्यांच्यावर नजर ठेवायला आठ-नऊ वर्षांची बहीण, जिने तिसरीत असायला हवे होते. कोसबाडला ताराबाईंनी जे पाहिले तेच इथे, आपल्या उसाच्या बांधावर, दर हंगामाला चालू आहे. फडात बैलगाड्या, ट्रॅक्टर, कोयते. एखादा वाईट प्रसंग टळतो तो केवळ देवाच्या कृपेने, आपल्या व्यवस्थेने नव्हे.

या मुलांसाठी काहीच झाले नाही असे नाही. साखरशाळा निघाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहे निघाली, आणि २०२१ साली संत भगवान बाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली. परंतु तीन वर्षांचे पोर वसतिगृहात ठेवता येत नाही. ते आईच्या मागेच येणार. तेव्हा त्याच्यासाठी जे काही करायचे ते कोप्यांवरच केले पाहिजे, आणि ते आपणच केले पाहिजे, कारण ते आपल्या शिवारात आले आहे. शिवाय २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून आहाराचा हक्क दिला आहे. पोर परगावचे आहे म्हणून हा हक्क बुडत नाही. आपल्या गावच्या समितीने कोप्यांवर जाऊन नावे लिहून आणली, तर निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे म्हणजे वेळ. तोडीवाल्याच्या पोराला दहा वाजताची बालवाडी काय कामाची? अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेने मजूर बायकांच्या मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या मजुरीच्या वेळेला धरून. मुले सांभाळणाऱ्या बायकांचीच त्यांनी 'संगिनी' नावाची सहकारी संस्था उभी केली. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी इमारतीच्या बांधकामावर मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले, त्यातून 'मोबाईल क्रेशेस' ही संस्था झाली. काम जिथे, तिथे पाळणा. आपल्या कोप्यांवर हे करणे त्याहून अवघड नाही. टोळ्यांबरोबर आलेली म्हातारी माणसे असतात, एखादी शिकलेली सून असते. तिला मानधन देऊन तिच्या हाताखाली पाळणा आणि बालवाडी पहाटेपासून चालू ठेवता येईल. तोड बंद असेल त्या दिवशी आईबापांनीही पाळी द्यावी. त्यांनाही त्या बालवाडीचे सभासद समजावे, उपकाराचे धनी समजू नये. पाळणा लागला की थोरली बहीण मोकळी होते आणि गावच्या शाळेत जाऊ शकते. एका पाळण्यात दोन मुलांची सोय होते, हा हिशेब कोणत्याही शेतकऱ्याला पटावा.

शंका आणि समाधान

काही सभासद म्हणतील, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! उसाच्या बिलात आधीच कपाती थोड्या आहेत का?" राग समजण्यासारखा आहे. म्हणून आम्ही कपातीपासून सुरुवात करा असे म्हणत नाही. आधी वेळ द्या. वेळ दिला की कुठे किती पैसा लागतो ते दिसेल. मग सर्वसाधारण सभेत उघडपणे विषय मांडता येईल. टनाला एक रुपया धरला, तर शंभर टन ऊस घालणाऱ्याला शंभर रुपये पडतात, आणि पाच लाख टनांच्या गाळपाला पाच लाख रुपये जमतात. थेंबे थेंबे तळे साचे. परंतु हे सभेने ठरवायचे, कोणी परस्पर नव्हे. आणि जमलेल्या पैशाचा हिशेब फळ्यावर लिहून अंगणवाडीच्या भिंतीला लावायचा.

दुसरी शंका कुजबुजत विचारली जाते, म्हणून आम्ही ती मोठ्याने विचारतो. "तोडीवाल्यांच्या पोरांत आमची पोरं बसवायची का?" आम्ही विचारतो, का बसवू नयेत? त्यांच्या आईबापांनी तोडलेल्या उसाचे बिल चालते, मग पोर का चालू नये? अंग मळलेले असेल तर पाणी आहे, साबण आहे. आणि खेळात मूल जात विचारत नाही, ते आपण शिकवतो. जामखेडच्या आरोग्यसेविकांच्या हातचे औषध घ्यायला सुरुवातीला किती तरी घरे कचरली असतील. पण लेकरू वाचले की विटाळ पळून जातो.

तिसरी शंका इंग्रजीची. मुलाने इंग्रजी शिकावे, जरूर शिकावे. परंतु ज्या भाषेत तो आईजवळ हट्ट करतो त्या भाषेत त्याला आधी पोटभर बोलू द्या. जमीन नांगरल्यावाचून बेणे टाकणारा शेतकरी आम्ही अजून पाहिलेला नाही.

आता करायचे काय?

जगभरच्या सहकारी संस्थांनी १९९५ साली मँचेस्टरला आपली तत्त्वे नव्याने ठरवली, त्यांत सातवे तत्त्व आहे ते समाजाविषयीच्या आस्थेचे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे वर्ष आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून पाळले. भाषणे झाली, हार झाले. तत्त्व भाषणात राहू नये असे वाटत असेल, तर आमची सूचना साधी आहे.

येत्या गटसभांत प्रत्येक गटाने आपले एक गाव निवडावे. सगळी गावे एकदम नकोत. एका गावात नीट चालले की शेजारचे गाव बघायला येते, हा आपला ठिबकापासून गांडूळखतापर्यंतचा अनुभव आहे. त्या गावातल्या सभासदांनी अंगणवाडी सेविकेला मानाने बोलवावे, तिला काय कमी पडते ते तिच्या तोंडून ऐकावे आणि घरांच्या पाळीची यादी करून भिंतीवर लावावी. त्याच यादीत हंगामात येणाऱ्या कोप्यांसाठी जागा आधीच मोकळी ठेवावी. शेतकी खात्याच्या माणसांनी टोळ्या उतरतात तेव्हा कोयत्यांबरोबर पोरांचीही नोंद घ्यावी. तीन वर्षांखालची किती, तीन ते सहाची किती, सहाच्या पुढची किती. ही नोंद घ्यायला पैसा लागत नाही, फक्त एक जादा रकाना लागतो.

कारखान्याची मोळी टाकण्याआधी एवढे व्हावे. गव्हाणीत पहिली मोळी पडते तेव्हा आपण पूजा करतो, नारळ फोडतो, संचालकांच्या हस्ते समारंभ होतो. त्याच आठवड्यात त्या त्या गटाच्या एका बालवाडीत एखाद्या बापाची पहिली पाळी लागावी. नारळ नको, फोटो नको. त्याने वेळेवर यावे, मुलांचे हात धुवावेत आणि एक गोष्ट सांगावी.

विना सहकार नाही उद्धार, हे आपण प्रत्येक पावतीवर छापतो. आपल्या गटाची यादी तयार झाली की पत्रिकेकडे पाठवा. पुढच्या अंकात आम्ही ती गावाच्या नावानिशी छापू.